चाळीस बायकांची एक बाई

शालू गेल्याचा फोन आला तेव्हा मी मोबाईलवर लुडो खेळत होते आणि, खोटं कशाला बोलू, जिंकत होते. तिची सून मेधा एवढंच म्हणाली, "मावशी, आई चहा पिऊन जरा आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत." फोन ठेवला आणि पहिला विचार आला तो असा, की आता माझ्या चुका कोण काढणार?... महिना होत आला. रडून झालंय. शालूबद्दल तोंड पाडून लिहिलं तर ती मला तिथूनही ऐकवेल, म्हणून हसतच लिहिते.

शालू, म्हणजे शालिनी, पेठ या तालुक्याच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्षानुवर्षं शिकवून शहरात गंगापूर रोडला आमच्या इमारतीत राहायला आली. मी नुकतीच सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेली. काय ती तेव्हाची मी! साठीला टेकले होते, पण 'उपरोक्त विषयास अनुसरून' लिहिल्याशिवाय दूधवाल्यालासुद्धा चिठ्ठी जात नसे. मोबाईलवर मात्र कुणी काहीही विचारो, 'मान्य आहे' दाबून मोकळी. शालू एकेक अट वाचायची. "प्रभे, कशाला हो म्हणालीस ते तरी बघ गं!" मी म्हणायची, "इंटरनेटचे नियम काय तुला-मला विचारून करतात?" ती शांतपणे म्हणायची, "विचारतात की. आपणच उत्तर देत नाही."

आणि एक दिवस तिने दाखवलंच. एका सरकारी खात्याने नव्या नियमांचा मसुदा संकेतस्थळावर टाकला होता. ऑनलाइन सेवांसाठी यापुढे एका मोबाईल क्रमांकावर एकाच माणसाचं खातं. नागरिकांनी हरकती व सूचना पाठवाव्यात. मला त्यात काहीच वावगं दिसेना. शालूला त्यात यमुना दिसली. यमुना ही तिची पेठची जुनी विद्यार्थिनी. घरात फोन एकच, त्यावर नवऱ्याचं खातं, सासूच्या पेन्शनचं आणि यमुनाच्या बचत गटाचंही. नियम झाला असता तर नवरा राहिला असता, दोघी बाद. पेठच्या कितीतरी घरांत हेच.

हरकत लिहिणं हा तर माझा प्रांत! शालू काही सुचवू लागली, तर मी "तुला कचेरीची भाषा कळत नाही" म्हणून तिला गप्प केलं. तीन दिवस खपून असा मजकूर केला, की त्यात पूर्णविराम शोधावा लागे. पेठच्या चाळीस बायकांनी तो जसाच्या तसा उतरवून खाली सह्या केल्या, शालूने फोटो काढून पाठवून दिले, आणि मी स्वतःचं तोंड पेढ्याने गोड केलं. चार दिवसांनी खात्याचं उत्तर आलं: सर्व पत्रांचा मजकूर एकच असल्याने ती एक हरकत म्हणून नोंदवली आहे.

वाटलं, आता शालू भडकणार. ती इतकी हसली, इतकी हसली, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "प्रभे, चाळीस बायकांची तू एक बाई केलीस गं! आणि तीही हेडक्लार्क!"

मुदत संपायला पाच दिवस होते. एसटीने आम्ही पेठ गाठलं आणि शाळेच्या ओट्यावर बसलो. शालू बायकांना म्हणाली, "मला सांगता तसंच सांगा." यमुना म्हणाली, "काय सांगू बाई? घरात फोन एकच, तोबी नवऱ्यासंगं मनमाडला, रेल्वेच्या कामावर. ओटीपी तिकडं जातो, मी हिकडं बसते. त्याला इचारायचं तर शेजारणीचा फोन मागायचा. ती म्हणती, ओटीपी तुझा अन् पळायचं मी?" सगळ्या खिदळल्या. मी लिहायला घेतलं, 'सदर अर्जदार...' शालूने कागदच ओढला. "सदर कुठे म्हणाली ती?" मग मी कान उघडे ठेवले आणि निमूट लिहीत गेले. चाळीस हरकती झाल्या, एकीसारखी दुसरी नाही.

पुढे ऑनलाइन सुनावणी झाली. पडद्यावर अधिकारी, कंपन्यांचे वकील आणि एका चौकोनात शालूच्या हॉलमध्ये दाटीवाटीने बसलेल्या आम्ही. एक वकील म्हणाले, सामान्य वापरकर्त्यांना ही तांत्रिक बाजू समजणार नाही. शालू म्हणाली, "मग समजावून सांगा ना साहेब, या समोरच बसल्यात," आणि यमुनाला पुढे केलं. यमुनाने असे प्रश्न विचारले, की साहेबांना दोनदा पाणी प्यावं लागलं.

अंतिम नियम गेल्या आठवड्यात आले. शालूला ते बघायला मिळाले नाहीत, एवढी चुटपुट राहिली... मेधाने आम्हा सगळ्यांना त्याच हॉलमध्ये बोलावलं. मी मोठ्याने वाचलं: एका क्रमांकावर घरातल्या अनेकांची खाती चालतील, प्रत्येकाला आपला वेगळा गुप्त अंक मिळेल. टाळ्या पडल्या, कुणीतरी डोळ्याला पदर लावला. मी पुढे वाचत होते, गुप्त अंक बदलायचा झाल्यास क्रमांक ज्याच्या नावावर आहे त्याची संमती...

"थांबा," यमुना म्हणाली. "म्हंजी खातं माझं, अन् किल्ली त्याच्या खिशात? हे नाय चालायचं."

शालूच बोलल्यासारखं वाटलं आणि असा हशा उसळला, की मेधा स्वयंपाकघरातून धावत आली. "काय झालं?" "यमुनाची हरकत!" मी हसतच म्हणाले. तिने लगेच शालूच्या टेबलाच्या खणातून कोरे कागद काढले. मी सवयीने हात पुढे केला. तोवर यमुना शालूच्या खुर्चीत बसून पेनाचं टोपण काढत होती.