ओलं फडकं

अकोल्याच्या कापसाच्या जिनात मी कारकून होतो, तिथं एक बाई सरकी काढायच्या यंत्रावर, रेच्यावर, कामाला होती. कापसाची भुकटी उडायची म्हणून नाकातोंडावर ओलं फडकं बांधायची आणि ते वाळलं की काम थांबवून पुन्हा भिजवून आणायची. बाकीच्या बाया हसायच्या.

एकदा मालक येणार म्हणून मुकादम खेकसला, "चोरावानी तोंड काहून बांधलं? सोड ते!"

"नाई सोडत. औंदा खोकला घरी न्याचा नाई, म्या ठरवलं हाये."

"मंग काम सोडा लागन!" म्हणता म्हणता त्यालाच उबळ आली.

तिनं कमरेचं दुसरं फडकं बादलीत बुडवून त्याच्यापुढं धरलं. "पयले हे बांधा. मंग बोला."

मालक आला तेव्हा एक फडकं मुकादमाच्या मुठीत होतं. दुसरं तिच्या तोंडावरच होतं.