रेडिओला चालणारा डबा

माझा मामा बाउरो अबायांग बेटावर कोईनावा गावात राहायचा. माडी काढायची, अळकुड्या लावलेला पाणथळ खड्डा राखायचा, भरती-ओहोटी बघून जाळं टाकायचं, असं साधं आयुष्य. पण दुपारी बातम्यांनंतर रेडिओवर निरोप लागले, की मामाच्या घरात मोठ्याने श्वास घ्यायचीही सोय नसे. कोणाला मुलगी झाली, कोण राजधानीच्या बेटावर, तारावाच्या दवाखान्यात आहे, कोणती होडी कधी सुटणार, हे सगळं त्या निरोपांत यायचं. गावात तेव्हा मोबाईल पोचले नव्हते. रेडिओचे सेल महाग, त्यामुळे बऱ्याच घरांतले रेडिओ मुकेच. मामाचा मात्र सोलरवर चालायचा. निरोप संपले की तो सायकल काढी आणि ज्याचा त्याला पोचवून येई. कुणी सांगितलेलं काम नव्हतं ते.

सोलरचं पॅनेल अंगणातल्या खांबावर होतं, बॅटरी घरात, आणि दोघांच्या मध्ये एक करडा डबा. कंट्रोलर म्हणत त्याला. बॅटरी भरली की तो पॅनेलकडून येणारी वीज थांबवायचा. खाऱ्या हवेने त्याच्या आतल्या तारा हिरव्या पडल्या आणि एक दिवस तो बंदच पडला. मामाने तारावाला जाणाऱ्या होडीवाल्याला सांगितलं, "स्वस्तातला बघून आण." त्याने आणला तो निळ्या पडद्याचा. आकडे काय, चित्रं काय! शेजारपाजारचे नुसते आकडे बघायला येऊन बसत.

पण तो जोडला त्याच दुपारी ऊन चढलं आणि रेडिओतून खर्रर्र आवाज सुरू झाला. आत कोणी नारळ खवायला बसलंय असंच वाटावं. पॅनेलवर ढग आला की आवाज थांबे, ऊन आलं की पुन्हा खर्रर्र. मग रूतामामी निरोपांच्या वेळेला केवड्याच्या पानांची चटई काठीने पॅनेलवर टाकू लागली.

"लोक उन्हासाठी पॅनेल लावतात," ती म्हणायची, "आणि आम्ही त्याला पांघरूण घालतो."

एका दुपारी वाऱ्याने ती चटई नेमकी मधेच उडवली. "कोईनावाच्या तेराआकाची आई..." एवढं ऐकू आलं आणि पुढे नुसती खरखर. गावात तेराआका नावाचे दोघे, दोघांच्याही आया तारावाला. मामा दोन्ही घरी गेला. ऐकलं तेवढंच सांगितलं, पण त्याचा चेहरा बघून दोन्हीकडे रडारड झाली. एकाने तर निघायची तयारी करून होडी पाण्यात ढकलली. संध्याकाळी पलीकडच्या गावातून खरं कळलं. एका तेराआकाची आई उद्याच्या होडीने येणार होती, तिला उतरवून घ्यायला या, एवढाच निरोप होता.

त्यावर सगळं गाव हसलं, पण मामा त्या दिवशी जेवला नाही. पुढच्याच होडीने तो तारावाला, बैरिकीत माझ्या घरी येऊन दाखल झाला. एका काखेत निळा डबा, दुसऱ्या काखेत रेडिओ.

निळा डबा जिथून आणला होता, त्या दुकानात मी त्याला घेऊन गेले. तिथे मारेवे नावाची मुलगी होती. रेडिओ बघून म्हणाली, "आजोबा, इथे रेडिओची दुरुस्ती होत नाही."

"रेडिओ ठणठणीत आहे. तुमचा डबा त्याला बोलू देत नाही."

"मग हा महागातला घ्या. बॅटरी जास्त भरतो."

मीही म्हटलं, "मामा, थोडे पैसे मी घालते. चांगलाच घे."

"चांगला की वाईट ते हा ठरवेल," असं म्हणून मामाने रेडिओ काउंटरवर ठेवला. "पॅनेल बाहेर काढ पोरी. ऊन बाहेर आहे."

मारेवेने मालकाच्या खोलीकडे एकदा पाहिलं आणि पॅनेल रस्त्याकडेला मांडलं. महागातला डबा जोडला तर रेडिओ किटलीसारखा शिट्टी वाजवू लागला. दुसरा जोडला, त्याचीही खरखर. एव्हाना आजूबाजूला माणसं जमली होती. शेवटी तिने खालच्या फळीवरून एक धुळकट डबा काढला. पडदा नाही, दोनच दिवे, किंमत सगळ्यांत कमी. जोडल्यावर आतून टक् असा आवाज आला. मग रेडिओवर निवेदिकेचा आवाज स्वच्छ येऊ लागला.

"हा जुन्या पद्धतीचा आहे," मारेवे म्हणाली. "नवे डबे वीज क्षणाक्षणाला तोडतात-जोडतात, त्याचीच ती खरखर; हा क्वचितच तोडतो. पण बॅटरी काठोकाठ नाही भरणार."

"रात्री एक दिवा कमी लावू. रूताला बोलायला दिवा लागत नाही."

माणसं हसली. तेवढ्यात निरोप सुरू झाले, म्हणून मामाने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. दोन-तीन निरोपांनंतर आवाज आला, "कोईनावाचे बाउरो, सध्या मुक्काम बैरिकी. पत्नी रूता होडीवाल्यामार्फत कळवते, चहापत्ती आणि गळाची दोरी आणा. डुकरीण व्याली आहे. लवकर घरी या."

मामा सवयीने उठून उभा राहिला, निरोप पोचवायला. मग जागच्या जागी थांबला आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "अगं, हा तर माझाच!" रस्त्यावरची अनोळखी माणसं त्याचं अभिनंदन करू लागली. एक बाई विचारत होती, "पिल्लं किती झाली?" मामाचे डोळे भरून आले होते आणि तो डबा पुसल्यासारखं करत होता.

मारेवेने निळा डबा परत घेतला. त्या बदल्यात तो दोन दिव्यांचा डबा आणि वर थोडी तार दिली.

तो डबा पुढे बरीच वर्षं टिकला. मला मुलगी झाली तेव्हा मी मुद्दाम रेडिओवरच निरोप दिला. मामाने तो सायकलवरून घरोघर पोचवला, आणि संध्याकाळी माडी काढायला माडावर चढल्यावर तिच्या नावाचं गाणं रचून वरून गायला, असं मामीने मला नंतर सांगितलं. ते गाणं मामीला पूर्ण आठवत नाही. मामा गेल्यावर आम्ही खूप आठवून पाहिलं. पहिल्या दोन ओळी मिळाल्या, पुढचं काही केल्या सापडलं नाही. आता गावात मोबाईल आहेत. माझी मुलगी त्या दोनच ओळी गुणगुणते, तिसरी स्वतःची जोडते, आणि मामी दर वेळी तिला सांगते, "तसं नव्हतं गं ते."