टिपणबाईने न वाचलेलं पुस्तक

ग्रंथालयात तिला सगळे टिपणबाई म्हणत. कॉम्प्युटरवरच्या यादीत पुस्तकाचं नुसतं नाव, लेखक आणि कपाटाचा नंबर दिसला की हिच्या जिवाची घालमेल व्हायची. "एवढ्यावरून वाचकाला काय कळणार, कप्पाळ!" म्हणत ती नोंदीत मुखपृष्ठ टाकायची, अनुक्रमणिका टाकायची, चार ओळींत गोष्ट सांगायची, शिवाय कोणाला आवडेल तेही. वीस वर्षं हेच. नवरा चिडवायचा, "जगातल्या पुस्तकांच्या कुंडल्या मांडतेस, आणि आपल्या मिठा-साखरेच्या डब्यांवर एक चिठ्ठी नाही!"

पण यंदा साहेबांनी फर्मान काढलं, रोज चाळीस नोंदी. चाळीस पुस्तकं माणूस वाचणार कधी, सांगा! टिपणबाई मागच्या पानावरचा मजकूर बघून टिपणं ठोकायला लागली. मन खायचं, पण हात चालूच.

त्या गुरुवारी एका निवृत्त मास्तरांनी तिच्या टेबलावर कादंबरी आपटली.

"'म्हाताऱ्या नवरा-बायकोची हलकीफुलकी सहल. आजारपणात वाचायला छान.' हे तुम्हीच लिहिलंत ना? अहो, नवव्या प्रकरणात ती बायको ऑपरेशनमध्ये दगावते! छान म्हणे!"

टिपणबाईला एकदम आठवलं. दुसरी प्रत कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्यांकडे होती. रविवारी ते टिपण वाचूनच घेऊन गेले होते. बायको दवाखान्यात, शुक्रवारी ऑपरेशन, रोज दोन प्रकरणं तिला वाचून दाखवतो म्हणाले होते. म्हणजे आज नववं!

डबा न उघडता तिने ते पुस्तक शेवटपर्यंत वाचलं. फोन लावला तर बंद. अर्धी रजा टाकून ती तडक दवाखान्यात पोचली.

खाटेवर घड्याळवाल्यांची बायको एकटीच होती. ते औषधं आणायला खाली गेले होते. टिपणबाईने एका दमात सगळं कबूल केलं.

"मी ते फार पूर्वीच वाचलंय," बाई म्हणाल्या.

"अहो, मग पहिल्याच दिवशी थांबवायचं नाही का त्यांना?"

"कशी थांबवू? इथे आल्यापासून पहिल्यांदा हसले हो ते वाचताना. माझं काय, मला गुंगी देतील. बाहेर बसायचंय ते त्यांना. आज काहीही करा, पण ते पुस्तक घेऊन जा."

तेवढ्यात घड्याळवाले आलेच.

"पुस्तक परत हवं होतं," टिपणबाई चाचरत म्हणाली. "दुसऱ्या वाचकाने मागितलंय."

"आज नाही मिळायचं!" त्यांनी पुस्तक छातीशी धरलं. "कालच्या प्रकरणात त्या बाईला दवाखान्यात नेलंय. पुढे काय होतं ते मला आज कळलंच पाहिजे."

"मी सांगते ना. मी सगळं वाचलंय."

कित्येक महिन्यांत तिचं हे वाक्य पहिल्यांदाच खरं होतं.

"ऑपरेशन होतं," ती म्हणाली. "नवऱ्याला बराच वेळ ताटकळावं लागतं. मग डॉक्टर बाहेर येतात, आणि महिन्याभराने दोघं राहिलेली सहल पुरी करतात."

"म्हणजे ती घरी येते? नक्की?"

"येते."

खाटेवरच्या बाईंनी डोळे मिटून घेतले. घड्याळवाले मटकन स्टुलावर बसले आणि त्यांनी पुस्तक टिपणबाईच्या हातात दिलं.

"मग एवढं टिपणात लिहायचं ना, बाई," ते म्हणाले. "काल रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या."