नदीकाठचा हिरवा रंग

देवयानी अमेरिकेत पिस्कॅटवेला राहते आणि जवळच्या एका लहान गावासाठी नगररचनेचं काम करते. दर एप्रिलला युनिव्हर्सिटीत तीन दिवसांची कार्यशाळा भरते. विद्यार्थी आणि मुरलेले प्लॅनर एका टेबलाशी बसतात आणि रविवार दुपारपर्यंत एखाद्या खऱ्या गावाचा आराखडा उभा करतात. देवयानी अकरा वर्षं तिथे मार्गदर्शक म्हणून जाते. हिला हौस दांडगी, असं लोक म्हणतात. खरं कारण तिने नवऱ्याखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं.

ती स्वतः विद्यार्थिनी असताना याच कार्यशाळेत तिने नदीकाठी एक बाग आखली होती. पहिलं बक्षीस मिळालं. तेव्हा त्या गावातली ओडेसा नावाची एक म्हातारी पुढे आली, त्या बागेवर बोट ठेवून म्हणाली, "यात माझं घर कुठंय?" तिथे नुसता हिरवा रंग होता. देवयानी ओशाळून हसली आणि दुसऱ्याच कुणाशी बोलू लागली. पाच वर्षांनी गावाने तो आराखडा उचलला. बागेसाठी काठावरची सात घरं गेली. ओडेसा लेकीकडे गेली आणि त्याच हिवाळ्यात वारली.

तेव्हापासून कुठलाही नकाशा उलगडला की देवयानीला ते बोट दिसतं. सुजलेलं पेर, नखात माती. मीटिंगमध्ये बोलता बोलता ती थबकते. पुरात ती घरं तशीही गेली असती, असं तिचा नवरा श्रीराम समजावायचा. तिलाही ते पटायचं, पण बोट हलायचं नाही.

यंदा तिच्या टेबलावर पुण्याहून शिकायला आलेला अनय होता. त्याने रुळांपलीकडचा एक तुकडा हिरवा रंगवला.

"ताई, ही जागा एम्प्टी आहे. सॅटेलाइटवर चेक केलं."

देवयानीने सगळ्यांना गाडीत घातलं आणि तिथे नेलं. दाट झाडांखाली ट्रेलरची, म्हणजे चाकांवरची, नऊ घरं होती. एक बाई कांद्याची रोपं लावत होती.

"तिला विचार, किती वर्षं राहतेय," देवयानी म्हणाली. अनय बराच वेळ त्या बाईशी बोलत उभा राहिला.

त्यांचा आराखडा अर्धाच राहिला. रविवारी देवयानीने मंचावर जाऊन त्याऐवजी ओडेसाची गोष्ट सांगितली.

नंतर दुसऱ्या टेबलाचे मार्गदर्शक जगन्नाथकाका तिच्याजवळ आले. त्यांनी चाळीस वर्षं हायवे आखले होते.

"माझ्या एका रस्त्याखाली चर्च गेलं," ते म्हणाले. मग शेजारची खुर्ची ओढून बसले, आणि हॉल रिकामा झाला तरी उठले नाहीत.