मागच्या चाकाखालची ओल

दादाने ती गाडी घरी आणली तेव्हा तिला गाडी म्हणणं जरा धाडसाचंच होतं. दोघांपुरती, बिनछपराची, परदेशी बनावटीची जुनी स्पोर्ट्स कार, कुणाच्या तरी बंगल्यामागे गंजत पडलेली. ऐंशीच्या दशकात आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये दारात स्कूटर असली तरी माणूस मोठा समजला जाई. दादा साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये फिटर होता. जो पार्ट बाजारात मिळेना तो लेथवर स्वतः घडवायचा. असं करत करत त्याने ती गाडी उभी केली.

बाबांना हे खूळ पसंत नव्हतं. त्यांचं आयुष्य गिरणीत गेलेलं. ज्या यंत्रातून कापड निघत नाही त्याच्यामागे एवढा घाम कशाला, असं ते म्हणत. म्हणून एका रविवारी सकाळी ते आपण होऊन गाडीत जाऊन बसले, तेव्हा आई आणि मी गॅलरीतून बघतच राहिलो.

दोघं खंडाळ्याचा घाट चढून जेवायच्या वेळेला परतले. बाबांचे केस उभे राहिले होते आणि चेहरा उन्हावाऱ्याने लाल झाला होता. वाटेत दादा जपून चालवत होता, तर बाबांनीच त्याला, "मेल्या, बैलगाडी हाकतंस काय?" म्हणून डिवचलं होतं. मग काय, येताना दादाने घाटातली वळणं सुसाट काढली. बाबा आईला हे हातवारे करून सांगत होते. इतकं बोलताना मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं.

दादा वर आला नाही म्हणून मी खाली गेले. तो उजव्या मागच्या चाकापाशी उकिडवा बसला होता. चाकाची आतली बाजू ओली होती आणि खाली फरशीवर थेंब थेंब पडत होतं.

"ब्रेक ऑइल आहे," तो म्हणाला. "शेवटच्या उतारावर ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढत होती. मला वाटलं, रस्ताच तसा असेल. अगं, बाबांना घेऊन मी घाट उतरलोय. पूर्ण फेल झाले असते तर?"

"ब्रेकच्या डबीत ऑइल किती आहे?"

"थोडं कमी आहे. पण निघताना काठोकाठ भरलं होतं की नाही, तेच आठवत नाही."

सगळ्या चाकाला करपल्याचा वास येत होता, त्यामुळे कुठलं तेल ते वासावरूनही कळेना. मी तेव्हा भांडुपच्या एका कारखान्यात लॅबमध्ये केमिस्ट होते. एवढं मला माहीत होतं, की ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं आणि इंजिनाचं किंवा गिअरचं तेल वर तरंगतं. मी वर जाऊन काचेचे दोन ग्लास पाण्याने भरून आणले. एकात दादाच्या डब्यातलं नवं ब्रेक ऑइल टाकलं. ढवळल्यावर ते पाण्यात मिसळून दिसेनासं झालं. दुसरा ग्लास गळणाऱ्या थेंबांखाली धरला. एक थेंब पडला, मग आणखी एक. मी चमच्याने खूप ढवळलं. जरा थांबल्यावर दोन्ही थेंब पुन्हा वर येऊन चकाकायला लागले.

"तरंगतंय रे! हे ब्रेक ऑइल नाही."

दादाने ग्लास उन्हात धरून पुन्हा पुन्हा पाहिला. मग तो तिथेच फरशीवर फतकल मारून बसला आणि हसायला लागला. हसता हसता त्याने डोळे पुसले.

चाक उतरवल्यावर उलगडा झाला. मागच्या चाकांना जोडणाऱ्या ॲक्सलमधलं तेल रबरी सीलमधून बाहेर येऊन त्या एका चाकाच्या ब्रेकवर पसरलं होतं, म्हणून गाडी ओढत होती. पण सील तर नवंकोरं होतं. दादा बराच वेळ ॲक्सलवर बोट फिरवत राहिला, आणि एकदम "अरे यार!" म्हणून ओरडला. ॲक्सल तापला की आतली हवा बाहेर जायला वर एक बारीक भोक असतं. गाडी झकास दिसावी म्हणून त्याने ॲक्सलला काळा चकचकीत रंग दिला होता आणि ते भोक रंगाने बुजलं होतं. एरवी गाडी हळू चालायची, म्हणून काही जाणवलं नव्हतं. घाटात जोरात पळवल्यावर आतली हवा तापून फुगली आणि तिने सीलमधून तेल बाहेर ढकललं. दादाने दाभणाने भोक मोकळं केलं.

सील आणि ब्रेकचे लायनर बदलल्यावर त्याने पवईच्या रस्त्याला गाडी मनसोक्त पिटाळली, आणि घरी येऊन चाकाखाली वर्तमानपत्र पसरलं. आम्ही दोघं चहा घेऊन शेजारी बसून राहिलो. कागद कोरडाच होता.

त्या रविवारी रात्री जेवताना मात्र दादा पानातला भात नुसता चिवडत होता. धोका टळला तरी उताराची आठवण जात नव्हती. शेवटी त्याने बाबांना सगळं सांगितलं आणि मान खाली घालून बसला.

बाबांनी आमटीचा भुरका मारला. "माका काय झाला? हंय बसलंय मरे तुझ्यासमोर," ते म्हणाले, आणि आपल्या पानातली तळलेली सुरमई उचलून त्याच्या पानात ठेवली.