देवीनं दिलेला वकील

ते प्रकरण माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. खून विसरलो, दरोडे विसरलो, पण दारू पिऊन गाडी चालवल्याची ती किरकोळ केस आठवली की आजही अंगावर काटा येतो. नावं कुणाचीच सांगणार नाही. ती माणसं अजून तिथंच नांदताहेत.

मी तेव्हा निपाणी भागात फौजदार होतो. महामार्गावर कोगनोळीजवळ संध्याकाळची नाकाबंदी हे आमचं नेहमीचं काम. तोंडापुढं यंत्र धरायचं, फुंकायला लावायचं, आकडा जास्त आला की गाडी बाजूला घ्यायची, माणसाला डॉक्टरकडे न्यायचं, कागदपत्रं करून कोर्टात पाठवायची. पिणाऱ्यांच्या तऱ्हा बघून बघून मी वैतागलो होतो. कुणी पाया पडतो, कुणी पुढाऱ्याला फोन लावतो, कुणी सगळा दोष खोकल्याच्या औषधावर ढकलतो.

अशाच एका नाकाबंदीत एक शाळेच्या बसचा ड्रायव्हर सापडला. सुट्टीचा दिवस होता, कागलकडच्या पाहुण्यांकडं जेवून मोटारसायकलवरून येत होता. प्यायल्याचं मुकाट कबूल केलं. फक्त एकच विनवणी करत राहिला, "सायेब, शाळंला कळवू नगा. बसवरनं काढलं तर घर बसतंय माझं." त्याला जामिनावर सोडला आणि मी विसरून गेलो.

काही आठवड्यांनी कोर्टाचं वॉरंट माझ्या टेबलावर आलं. गडी तारखेला गेलाच नव्हता! दंड भरून, फार तर काही महिने लायसन अडकून सुटण्यासारखी केस, आणि ह्यानं अटक ओढवून घेतलेली. मी हवालदाराला घेऊन त्याच्या घरी गेलो. तो पायरीवर बसून मुलीची सायकल पुसत होता. वॉरंट बघून त्याचा चेहराच उतरला.

"पर वकीलसायबांनी सांगितलंय तारखंला यायचं न्हाय म्हणून. त्यांनी मिटवलंय."

"कोण वकील?"

त्यानं बायकोकडं बघितलं. ती दारात उभी होती. शांतपणे म्हणाली, "देवीनं दिलेला हाय."

"बाई, देवी वकिलीची सनद देत नाही," मी खेकसलो.

ती बिचकली नाही. तिनं सगळं सांगितलं. गावाबाहेर उसाच्या पट्ट्यात देवीचं एक ठाणं आहे. अडल्यानडल्याला माणसं तिथं कौल लावतात. पाषाणाच्या मूर्तीवर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. नवऱ्याची केस झाल्यावर ही तिथं गेली. गुरव म्हणाला, एक वकील आहेत, निपाणीचे नाहीत, शब्द बाहेर जाऊ देत नाहीत, आईला विचारूया. उजवी पाकळी पडली. देवळाबाहेर चिंचेखाली वकीलसाहेब भेटले, फी घेतली आणि घरी निवांत बसायला सांगितलं.

"अहो, तुमच्या गल्लीत एक वकीलबाई आहेत. रोज कोर्टात उभ्या असतात. त्यांच्याकडं का गेला नाही?"

ड्रायव्हर खाली मान घालून म्हणाला, "गल्लीत समद्यास्नी कळलं असतं की, सायेब."

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. चोरीमारीची केस असली की माणूस चार जणांना विचारून वकील धरतो. पिण्याच्या केसमध्ये लाजेपायी कुणालाच विचारत नाही. मग विचारायला उरतो देव. कुणीतरी नेमका त्या जागेवर जाळं टाकून बसला होता.

पोलीस ठाण्यावर येऊन हवालदारानं जुनी वॉरंटं चाळली. पिऊन गाडी चालवल्याच्या केसमधले आणखी दोघे असेच गैरहजर होते. बोलावून घेतले. तीच कहाणी, तीच देवी, तीच चिंच. मी म्हणालो, वकील दिसायला कसा आहे ते सांगा. आणि इथून मला अस्वस्थ वाटायला लागलं. एकालाही त्याचा चेहरा सांगता येईना. गोरा की काळा, मिशी होती की नव्हती, चष्मा होता का, काही नाही. एक जण तर कपाळावर हात मारून म्हणाला, "सायेब, त्याला तोंड व्हतं का न्हवतं, तेबी आठवंना बघा!" भर दुपारी ठाण्यात बसून हे ऐकताना मला घाम फुटला. हवालदार तर छातीला हात लावून देवीचं नाव घेऊ लागला.

मग नवऱ्यासोबत ठाण्यात आलेली ड्रायव्हरची बायको म्हणाली, "बूट सांगते. काळं बूट. एका बुटाला नाडीच्या जागी लाल दोरा." बाकीच्या दोघांनी लगेच माना हलवल्या. व्हय व्हय, लाल दोरा! शरमलेला माणूस समोरच्याच्या तोंडाकडं बघत नाही, पायांकडं बघतो. इतकी वर्षं चौकशा करून मला हे तिथं कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी साध्या कपड्यांत आम्ही देवळाकडं गेलो. ऊस डोक्याच्या वर गेलेला, वाट अरुंद, पाखराचासुद्धा आवाज नाही. गाभाऱ्यात कुणी नव्हतं. पण काळ्या पाषाणावर ताज्या ओल्या पाकळ्या चिकटवलेल्या होत्या. कुणी प्रश्न विचारला होता आणि उत्तर न घेता कुठं गेला होता, देव जाणे. मी बघत उभा राहिलो. खरं सांगतो, डोळे हलवायची हिंमत होईना. एक पाकळी सुटली आणि दगडावर टप्प आवाज झाला. पाकळीचा कसला आवाज, पण मी तो ऐकला.

बाहेर आलो तर हवालदारानं बोटानं खूण केली. देवळाला लागून गुरवाचं घर होतं. उंबऱ्याबाहेर काळे बूट होते, एकाला लाल दोरा. आत त्यांचा मालक मांडी घालून भाकरी खात होता. चांगले नाकडोळे असलेलं, अगदी साधं तोंड. गुरवाचा मेव्हणा. पूर्वी एका वकिलाकडं कारकुनी केलेला, तिथून हाकललेला.

ठाण्यात आणल्यावर तो घाबरला नाही. उलट मलाच कायदा शिकवायला लागला. मी एवढंच विचारलं, "सनद क्रमांक सांग. कुठल्या कोर्टात, कुणापुढं उभा राहिलास ते सांग."

तो म्हणाला, "मी वकील हाय असं मी कुणालाच सांगितलं न्हाई. त्येच मला वकीलसायेब म्हणायचे."

"आणि फी घेताना काय म्हणायचे? भटजी?" हवालदार म्हणाला.

गुरव मात्र पहिल्या दमालाच ढासळला. डावी पाकळी गुळाच्या पाण्यानं चिकटवायची, उजवी नुसत्या पाण्यानं. उजवी आधी पडायचीच. एवढीच करामत. मी जबाब लिहून घेतला, फसवणूक आणि तोतयेगिरीचा गुन्हा दाखल केला. सही करून त्यानं पेन खाली ठेवलं. म्हणाला, "सायेब, एक ऱ्हायलं. सुरवातीलाच गूळ लावला. मग मला भ्या वाटलं, मी सोडून दिलं. तरीबी उजवीच पडत व्हती. दर बारीला. म्हणून मला वाटलं, आईलाबी चालतंय." मी त्याला गप्प बस म्हणून दरडावलं. जबाबात ते घेतलं नाही, त्याला पुराव्याची किंमत नव्हती.

पंचनाम्यासाठी परत देवळात गेलो, तेव्हा ड्रायव्हरची बायको आधीच तिथं होती. नवऱ्याला मी अजून अटक केली नव्हती, पण वॉरंट तसंच होतं. शाळेला कळायच्या आत कोर्टात हजर व्हायला हवं होतं, आणि त्यासाठी खरा वकील हवा होता. ती म्हणाली, "सायेब, एकदा माझ्या हातानं विचारते. मग तुमचं काम करा." मी नको म्हणणार होतो, पण म्हणालो नाही.

तिनं घरनं आणलेल्या तांब्यातलं पाणी घेतलं, दोन पाकळ्या लावल्या आणि मोठ्यानं विचारलं, "आई, गल्लीतल्या वकीलबाईकडं जाऊ का?"

पंच, हवालदार, मी, सगळे श्वास रोखून उभे. डावी पाकळी पडली.

हवालदार हळूच म्हणाला, "आक्का, दुसरा कुणीतरी बघूया की." बाई मूर्तीकडं बघत बसून राहिली. मग उठली, पदर खोचला आणि सरळ देवीच्या तोंडाकडं बघून म्हणाली, "एकदा तुझं ऐकलं. आता माझं ऐक." आणि मागं न बघता उसातल्या वाटेनं चालायला लागली.

वकीलबाईंनी तिला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "वैनी, गल्लीला पहिल्या दिवसापासनं ठाऊक हाय. मीच वाट बघत होते, कधी येताय म्हणून." सुटेल असं वचन त्यांनी दिलं नाही. दंड होईल, लायसन अडकेल, पण नवऱ्याला घेऊन आजच कोर्टात उभी राहते, म्हणाल्या. तशा उभ्या राहिल्या. वॉरंट रद्द झालं. दंड झाला, काही महिने लायसन अडकलं. शाळेला त्यानं स्वतःच जाऊन सांगितलं. त्यांनी त्याला तोवर बसमध्ये पोरं चढवायचं-उतरवायचं काम दिलं, आणि नंतर परत बस दिली.

आता कुणी विचारलं तर मी सांगतो, वकील धरण्याआधी सनद विचारा, वकिलांच्या बार रूममध्ये चौकशी करा, त्याला कोर्टात उभा राहिलेला बघा, आणि नक्की सोडवतो म्हणणाऱ्याच्या वाऱ्याला उभं राहू नका. हे सगळं शहाणपण मला नोकरीनं दिलं. पण त्या देवळात काय पडलं आणि का पडलं, ते मला आजही सांगता येत नाही, आणि मी त्या वाटेनं पुन्हा गेलेलो नाही. बंदूक बघून न डगमगणारी माणसं मी पुष्कळ बघितली. डावा कौल डोळ्यांनी बघूनही खऱ्या वकिलाच्या दारात गेलेली ती एकटीच.