हसलेले अनारसे

हे मी नवऱ्याला सांगितलं न्हाई, आईला सांगितलं न्हाई, देवापुढं हात जोडले तवा बी गिळून टाकलं. मग तुमालाच का सांगायलेय? काय माहीत. तुमी मला ओळखत न्हाई, म्हणून असंल.

धोंड्याचा महिना लागला की गावातल्या बाया मलाच बोलावतात. काकू, तेवढं अनारशाचं पीठ बघून जा. मी जाते. तांदूळ तीन दिवस भिजले का, पाणी रोज बदललं का, सावलीत सुकवले का, सगळं विचारते. गूळ मात्र मी टाकत न्हाई. दुसरीच्या हातानं टाकून घेते. का, ते सांगते — थांबा जरा.

तीन धोंडे होऊन गेले त्याला, आठ-नऊ वर्षं झाली. नणंदेचं नवीनच लग्न झालेलं, जावयाचा पहिला धोंडा. पहिल्या धोंड्याला जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे, वर दिवा लावून. सासूबाईंनी आठ दिवस आधीच घर डोक्यावर घेतलेलं. तांदूळ धुतले, सुकवले, कुटले ते वंदनानं. वंदना माझी धाकटी जाऊ, पालमची. आता माहेरीच असते, भावाकडं. गूळ मी मळला. पीठ जरा कोरडं वाटलं, म्हणून वरून आणखी एक चांगली मूठ टाकली. कुणाला विचारलं न्हाई. मोठी सून ना मी.

गूळ जास्त झाला की अनारसा तुपात पडल्या पडल्या फुटतो, विरून जातो. अनारसा हसला म्हणतात त्याला. पहिला हसला. दुसरा हसला. मग सगळेच. कढईत नुसता काळा चोथा, आणि जावई फाट्यावर उतरून नुकताच घरात आलेला. पोरीच्या संसाराला अपशकुन झाला म्हणून सासूबाईंनी कढईच खाली उतरवली. आमच्याकडं अशा वेळी गुळाकडं कुणी बघत न्हाई हो. घरातल्या बायांकडं बघतात. विटाळात पीठ कोण शिवलं, एवढंच त्यांनी विचारलं.

गूळ जास्त झाला — एवढं बोलायचं होतं मला. चार शिव्या बसल्या असत्या. मेले असते का मी?

आता एक सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, मीच मागं ढकलायलेय. वंदनाची पाळी चुकून दीड महिना झालेला. आधी दोनदा दिवस राहून पोट पडलेलं. दोन्ही वेळेला गावभर पेढे वाटून झालेले. तवापासून तिनं ठरवलेलं, तीन महिने भरल्याबिगर कुणाला कळू द्यायचं न्हाई. नवऱ्याला सुद्धा न्हाई. फक्त मला सांगितलं. माझा हात धरून पोटावर ठेवला होता येडीनं.

आणि मी सासूबाईंना म्हणले, "वंदनाची पाळी आलीय. लपवून शिवली ती."

घाबरले होते, तोंडातून निघून गेलं — असं मी स्वतःला लय वर्षं सांगितलं. ते बी खोटं हाय. हातात झारा धरून मी नीट विचार केला होता. ती खरं सांगू शकणार न्हाई, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तीच.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग पदर सावरून बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. घर बाटलं म्हणून सासूबाईंनी सगळ्या गोधड्या बाहेर काढल्या आणि तिच्याकडून धुवून घेतल्या. भिजलेली गोधडी उचललीय का कधी तुमी? दोन माणसं लागतात पिळायला. ती एकटीच बोअरपाशी आपटत होती, ओढत होती. शेजारणीकडून पीठ आणून मी दुसरे अनारसे तळले. चांगले झाले. जावयानं मागून घेतले.

धुण्यानंच झालं, का व्हायचंच होतं? कुणाला विचारू? किती वेळा वाटलं, पालमची एसटी धरावी, तिच्यापुढं जाऊन उभं राहावं. स्टँडवरनं माघारी येते. लाज वाटते, स्वतःची किळस येते, आणि तरी माघारी येते.

दोन दिवसांनी, दुपारी, ती स्वयंपाकघराच्या दारात आली. उंबऱ्याच्या आत पाय टाकला न्हाई. लुगडं मागून रक्तानं भरलेलं, ओठ पांढरे पडलेले. हळूच बोलली, "ताई, तुमी म्हणलात तसंच झालं बघा."

रागानं न्हाई बोलली. घरात तिला सांगायला तेवढी मीच होते. मग पाणी मागितलं. सासूबाई माजघरात जाग्याच होत्या, कान इकडंच. मी उठले. तांब्या भरला. उंबऱ्याबाहेर लांब ठेवला, आणि तिचा पदर लागू नये म्हणून मागं सरकले.